पडालाय का उडालाय?

२६ डिसेंबर २०२३, सोलापूर

सिद्धेश्वर एक्स्प्रेस सुटायला अर्धा तास उरला होता आणि मामांच्या बॅगेची चेन काही लागत नव्हती. फलाटावरच उघडून बघितली. वर कडक भाकरीची चवड, खाली शेंगा चटणीचे दोन डबे आणि तळाला दाबून बसवलेली चादर. मयूरपंख, दोन किलोच्या पुढची.

“मामा, तिकडं हॉटेलात पांघरूण देतात.”

“देतेत की. पण ती चादर न्हाई. अंगावर गादी घेतल्यावानी असतंय, तूच म्हणलास मागं.”

मी गप्प बसलो. चेन शेवटी एका हमालानं गुडघा दाबून लावून दिली.

मामा सत्तरी ओलांडलेले. गिरणीत घडी खात्यात तपासनीस होते. साच्यावरून, म्हणजे मागावरून, उतरलेला ताका त्यांच्या बोटांखालून जायचा: हा फ्रेश, हा सेकंड, एवढा तुकडा फेंट, उरलेली चिंधी. गिरणी बंद पडून पंचवीस वर्षं होऊन गेली, बोटं मात्र अजून कामावर आहेत. लग्नात कुणी नवा शर्ट घालून समोर आला की मामा आधी बाही चिमटीत धरतात, मग कोण आहे ते बघतात. मी त्याच धंद्यात, टॉवेल. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून माल बाहेर पाठवतो, म्हणून जानेवारीत फ्रँकफर्टच्या हाइमटेक्स्टिल प्रदर्शनाला जाणं होतं. यंदा ते ९ ते १२ तारखेला. आम्ही निघालो मात्र दोन आठवडे आधी, आणि त्याला कारण पाच पोरींचे कपडे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये बीजिंग ऑलिंपिकात स्की जंपिंगच्या मिश्र सांघिक स्पर्धेत एकाच संध्याकाळी पाच जणी बाद झाल्या. जपानची सारा ताकानाशी, जर्मनीची कॅथरिना आल्टहाउस, ऑस्ट्रियाची एक, नॉर्वेच्या दोन. गुन्हा काय, तर पोशाख नियमात बसत नव्हता. मी ती बातमी मामांना गंमत म्हणून वाचून दाखवली. मामा हसले नाहीत. “कापड कसलं होतं?” एवढंच विचारलं. मग मी फोनवर व्हिडिओ लावून दिला. एक माणूस डोंगरावरून घसरत येतो, कडा संपतो, आणि तो पुढे झुकून हवेत आडवा होतो, पायातल्या लांब पट्ट्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या पसरलेल्या. मामांनी चष्मा पुसला.

“ह्यो पडालाय का उडालाय?”

सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगतो: पडतोय की उडतोय. जवळजवळ दोन वर्षं हा प्रश्न आमच्या घरात चालू होता. शेवटी मामांनी एक एफडी मोडली, पासपोर्ट काढला, आणि स्वतःच्या पैशानं माझ्याबरोबर निघाले. मामी म्हणाल्या, “चौदाच्या आत परत आणा, भोगीला सिद्धेश्वराच्या यात्रेत अक्षता आहेत.” तेवढी एकच अट.

२८ डिसेंबर, ओबर्स्टडॉर्फ

मुंबई, विमान, म्युनिक, आगगाडी. लिहिण्यासारखं फार नाही. विमानतळावर सुरक्षा तपासणीत चटणीचा डबा उघडायला लावला आणि तपासणारा पोरगा बार्शीचा निघाला, एवढंच.

आता हंगामाचं थोडं. स्की जंपिंगचा विश्वचषक म्हणजे आपला गाळप हंगाम समजा. यंदा नोव्हेंबरअखेर फिनलंडात रुकाला बॉयलर पेटला, मार्चअखेर स्लोव्हेनियात प्लानित्साला विझेल. मधल्या काळात दर शनिवार-रविवारी नवा देश, नवी टेकडी. या सगळ्याच्या पोटात नाताळ ते ६ जानेवारीच्या दरम्यान चार टेकड्यांची स्पर्धा होते: जर्मनीत ओबर्स्टडॉर्फ आणि गार्मिश-पार्टेनकिर्शेन, ऑस्ट्रियात इन्सब्रुक आणि बिशोफ्सहोफेन. पहिली १९५३ च्या जानेवारीत झाली आणि ऑस्ट्रियाच्या सेप ब्राडलनं जिंकली. शंभर मीटरच्या पलीकडे पहिल्यांदा गेला तोही हाच, १९३६ मध्ये, प्लानित्सात. चारही टेकड्यांचे गुण एकत्र मोजतात आणि शेवटी ज्याची बेरीज मोठी, त्याला सोनेरी गरुड. विश्वचषक कुणाकडे आहे हे इथल्या वाण्याला सांगता येईल न येईल, गरुड कुणाकडे आहे ते तो सांगतो.

जर्मनीकडे तो स्वेन हानावाल्डनंतर आलेला नाही. त्यानं २००१-०२ च्या हंगामात चारही टेकड्या मारल्या होत्या, आणि चारही मारणारा तो पहिलाच. त्याला आता बावीस वर्षं होतील.

२९ डिसेंबर, ओबर्स्टडॉर्फ

टीव्ही खोटं बोलतो. टीव्हीवर उतार कळत नाही.

शाटेनबर्गच्या पायथ्याशी उभं राहिलो तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. जिथं ते उतरतात ती टेकडी भिंतीसारखी समोर उभी. माणसं तिच्या पायाशी मुंग्यांसारखी, दिवे लागलेले, ढोल, भोंगे, झेंडे. मामांनी आल्या आल्या चादर अंगाभोवती घेतली आणि टोक खांद्यावर टाकलं. पुढे दहा दिवस आम्हाला लोक त्या चादरीवरून ओळखत होते.

मामांनी पहिल्या पंधरा मिनिटांत जे पाहिलं ते मला दोन वर्षं व्हिडिओ बघून दिसलं नव्हतं.

“अरे, टोकाला रस्ता वर उचललेला न्हाई. खालीच चाललाय.”

बरोबर आहे. आपल्याला वाटतं घसरगुंडीच्या शेवटी उंचवटा असेल आणि त्यावरून माणूस वर फेकला जात असेल. तसं नाही. शेवटचा सपाट तुकडाही साधारण ११ अंशांनी खालीच उतरता असतो. ताशी नव्वद किलोमीटरच्या वेगानं आलेला माणूस त्या टोकावर क्षणार्धात स्वतःचे पाय सरळ करतो, आणि वर जायचं जे काही बळ असतं ते त्या पायांतलं. चुकला तर चुकला, दुरुस्तीला वेळ नाही. पुढे पाचेक सेकंद तो हवेत असतो, पण जमिनीपासून फार उंच कधीच नसतो. टेकडीचा आकारच असा कापलेला असतो की तो जसा खाली येतो तशी जमीनही त्याच्याखालून पळत राहते. म्हणून शंभर-सव्वाशे मीटर जाऊनही माणूस धाडकन आदळत नाही, उतारावर टेकतो.

“म्हंजे पडतोच,” मामा म्हणाले. “फक्त भुईला पत्ता लागू देत न्हाई.”

गुण कसे देतात हे समजावताना मात्र माझी दमछाक झाली. ओबर्स्टडॉर्फला १२० मीटरची रेघ आहे. तिथे पोचलात की ६० गुण, पुढच्या प्रत्येक मीटरला १.८ जास्त, अलीकडे राहिलात तर तेवढेच कमी. पाच पंच शैलीचे गुण देतात, प्रत्येकी वीसपैकी. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा खोडतात. उतरताना एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकवून टेकायचं, नाहीतर पंच हात आखडता घेतात. आणि वाऱ्याचा हिशोब उलटा. वारा समोरून आला तर तो माणसाला उचलून धरतो, म्हणून गुण कापतात; पाठीमागून आला तर दाबतो, म्हणून गुण देतात. मामांना हे पटायला वेळ लागला. पतंगाचं उदाहरण दिल्यावर पटलं.

या स्पर्धेत पहिल्या फेरीला जोड लावतात, आपल्या कुस्तीसारखा. पात्रता फेरीतला पहिला पन्नासाव्याशी, दुसरा एकोणपन्नासाव्याशी. पंचवीस जोड्यांतले पंचवीस विजेते पुढे, शिवाय हरलेल्यांतले सर्वांत चांगले पाच. “हरून तरले,” मामा म्हणाले. त्यांना ती पाच माणसं फार आवडली. दर टेकडीवर ते आधी तीच विचारायचे.

आंद्रेआस वेलिंगर जिंकला. जर्मन पोरगा, घरची टेकडी, सगळ्यांना हवा तसा निकाल. शेवटच्या उडीनंतर जो आवाज उठला तो मी फक्त सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत ऐकलाय, अक्षता पडतात तेव्हा. जपानचा र्योयू कोबायाशी दुसरा, ऑस्ट्रियाचा श्टेफान क्राफ्ट तिसरा. कोबायाशीकडे त्या रात्री कुणाचं लक्ष नव्हतं, मामा सोडून. ते म्हणाले, “त्या जपान्याचं कापड अंगावर सुरकुतत न्हाई.”

मी त्याला अजून नीट पाहिलंही नव्हतं.

३० डिसेंबर

दिवसभर गाड्या बदलत गार्मिशला. वाटेत एक गाडी जर्मनीतून निघते, ऑस्ट्रियात शिरते आणि पुन्हा जर्मनीत येते, कुणी काही विचारत नाही. मामा पासपोर्ट हातात धरून बसले होते ते तसेच बसून राहिले.

संध्याकाळी गार्मिशच्या टेकडीवर बायकांची स्पर्धा होती, ती आमची चुकली. पुरुषांना चार टेकड्या, बायकांना दोनच संध्याकाळी, आणि त्याही यंदा पहिल्यांदा. ‘टू नाइट्स टूर’ म्हणतात. मामा म्हणाले, बाद करायच्या वेळी पाच जणी आणि उडवायच्या वेळी निम्मं, हा कुठला हिशोब? मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

जेवायला शाकाहारी काय मिळेल म्हणून विचारलं तर चीज घातलेल्या जाड शेवयांसारखं काहीतरी आलं, वर तळलेला कांदा. मामांनी त्यावर चटणी भुरभुरवली. वाढणाऱ्या बाईंनी वास घेतला, बोटावर चिमूटभर घेऊन चाखली, आणि पाण्याचा ग्लास शोधत आत गेल्या.

१ जानेवारी २०२४, गार्मिश-पार्टेनकिर्शेन

नव्या वर्षाची उडी. इथली जुनी टेकडी सुरुंग लावून पाडली आणि २००७ मध्ये ही नवी उभी राहिली. आमच्याकडे २०२३ च्या जूनमध्ये विमानाच्या वाटेत येते म्हणून साखर कारखान्याची चिमणी पाडली होती; त्यामुळे पाडापाडीवर मामांची मतं ठाम आहेत. इथे निदान त्याच जागी काहीतरी उभं राहिलंय, म्हणाले.

स्लोव्हेनियाचा आन्झे लानिशेक जिंकला. कोबायाशी दुसरा. वेलिंगर तिसरा, पण बेरजेत अजून पुढे, १.८ गुणांनी. म्हणजे बरोबर एक मीटर. दोन टेकड्यांवर चार उड्या, पाचशेच्या वर मीटर हवेत काढल्यावर दोघांमध्ये फरक एका मीटरचा, आपल्या कापडाच्या दुकानातल्या लोखंडी मापपट्टीएवढा. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या जर्मन जोडप्याला हे मी हातवारे करून सांगायला गेलो तर त्यांनी मला थर्मासमधली गरम वाइन दिली. मामांनी फक्त वास घेतला, म्हणाले लवंग जास्त झालीय.

२ आणि ३ जानेवारी, इन्सब्रुक

गार्मिशहून इन्सब्रुकची गाडी डोंगराच्या कडेनं जाते, मिटेनवाल्डवरून. खिडकीतून खाली दरी बघवत नाही. मामा झोपले होते ते बरं झालं.

बेर्गिझेलची टेकडी गावावर मनोऱ्यासारखी उभी आहे. वरचा बुरूज वास्तुरचनाकार झाहा हदीद यांनी रचलेला, २००२ मध्ये पुरा झाला, आणि तो नागाच्या फण्यासारखा दिसतो. ही चार टेकड्यांतली सगळ्यात लहान आणि सगळ्यात लहरी. दरीतून वारा केव्हा कुठून येईल सांगता येत नाही. या टेकडीवर कित्येकांच्या गरुडाचं वाटोळं झालंय.

आज ऑस्ट्रियाचा यान हॉर्ल जिंकला. कोबायाशी दुसरा. वेलिंगर पाचवा, आणि बेरजेतली आघाडी फिरली. आता कोबायाशी पुढे, पण फरक तीन मीटरचासुद्धा नाही.

मामा आता लोकांना सांगायला लागले होते. भाषा एकही येत नाही, पण रांगेत पुढच्या माणसाला बोटांनी दोन, दोन, दोन असं दाखवायचे आणि मग अंगठा वर करायचे. माणसं हसून मान हलवायची.

परतताना ट्राममध्ये मी म्हटलं, “मामा, चारही ठिकाणी दुसरा आला तर?”

“आमच्यात सेकंड म्हंजे डागी माल. स्वस्तात जायचा. इथलं काय तरी येगळंच दिसालंय.”

४ जानेवारी

बेर्गिझेलच्या बुरुजावर लिफ्टनं गेलो. वर उपाहारगृह आहे. खिडकीतून बघितलं तर ज्या दिशेला उडी टाकायची त्याच दिशेला, टेकडी जिथे संपते त्याच्यापुढे, विल्टनचं कब्रस्तान. सुटण्याआधी आडव्या दांडीवर बसलेल्या प्रत्येक खेळाडूला पायांच्या मधून ते दिसत असणार. मामांनी हात जोडले. कुणाला, ते मी विचारलं नाही.

गोड म्हणून एक भलामोठा वाफवलेला उंडा आला, आत आलुबुखाराचा मुरंबा, वर खसखस आणि साखर. मामांनी अर्धा खाऊन निकाल दिला: पुरण घालायचं राहिलंय.

५ जानेवारी, बिशोफ्सहोफेन

हा दिवस मला नीट लिहायचा आहे.

गावात हॉटेल मिळालं नव्हतं, म्हणून एका आजींच्या घरात वरची खोली घेतली होती. पोचलो तेव्हा आजींचा नातू, तेरा-चौदा वर्षांचा, दारात बूट काढत होता. तो इथल्या पोरांच्या क्लबात उड्या मारतो. तळघरात एक ऊबदार खोली आहे, तिथे ओले कपडे वाळत घालतात. मामा बूट ठेवायला खाली गेले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत.

मी खाली गेलो तर दोरीवर उड्या मारायचा पोशाख टांगलेला, निळा, गुडघ्यावर घासलेला. मामा त्याच्यासमोर हात मागे बांधून उभे. हात लावलेला नव्हता. दुसऱ्याचं कापड विचारल्याशिवाय ते कधीच हाताळत नाहीत. मी मुलाला बोलावून फोनवरून विचारलं, हात लावला तर चालेल का? त्यानं खांदे उडवले. चालेल की.

मामांनी आधी अंगठा आणि दोन बोटांत धरून चोळलं. मग उभं ताणलं, मग आडवं. मग बाहीचा एक भाग तोंडाशी नेला, ओठ लावले आणि फुंकर मारली. पलीकडच्या बाजूला तळहात धरला होता, वारा येतो का बघायला.

“येतोय. पर अडून येतोय. मधी पडदा हाय.”

मी ते सांगितलं आणि मुलाचे डोळे मोठे झाले. तो पळत वर गेला, आजोबांना घेऊन आला. आजोबा क्लबाचे जुने कार्यकर्ते. त्यांनी जे सांगितलं ते फोननं भाषांतरून दिलं ते असं: बाहेरचं कापड, मग फोम, मग लवचीक पडदा, पुन्हा फोम, आतलं अस्तर. पाच थर. पडद्याला बारीक छिद्रं, कारण नियमानं हवा आरपार गेलीच पाहिजे: एका चौरस मीटरमधून सेकंदाला निदान ४० लिटर, ठरावीक दाबाखाली. हवा आरपार गेली नाही तर पोशाखाचं शीड होतं आणि माणूस फुकटात लांब जातो. मापाचंही तसंच. अंगापेक्षा पोशाख किती सैल चालेल ते सेंटिमीटरमध्ये ठरलेलं आहे, आणि सगळा झगडा दोन पायांच्या मधल्या शिवणीचा. ती जेवढी खाली लोंबेल तेवढं शीड मोठं. म्हणून उडी झाल्यावर एक माणूस टेप घेऊन उभाच असतो.

“टेप घेऊन कोण? शिंपी का?” मामांनी विचारलं.

आजोबा भाषांतर वाचून खूप वेळ हसले.

वजनाचंही सांगितलं त्यांनी. हलका माणूस लांब जातो, म्हणून पूर्वी पोरं उपाशी राहायची. आता उंचीच्या मानानं वजन कमी भरलं तर पायातल्या पट्ट्या आखूड कराव्या लागतात, म्हणजे उपाशी राहून मिळवलेलं तिथे जातं. मुलगा हे ऐकत केक खात होता.

मामांनी त्याला आमच्या कारखान्यातला एक टॉवेल दिला. त्यानं काय करावं? तोंडाशी धरला आणि फुंकर मारली. पलीकडे तळहात.

(ही टिपणं वहीत पडून होती. मार्च २०२५ मध्ये ट्रॉन्डहाइमच्या जागतिक स्पर्धेत नॉर्वेच्या पोशाखांच्या शिवणीत चोरून ताठ धागा घातल्याचं उघड झालं. पोशाख शिवताना कुणीतरी चित्रीकरण केलं होतं. मोठ्या टेकडीवर दुसरा आलेला मारियुस लिंडविक बाद झाला, जोडीदार योहान आंद्रे फोरफांगही. मी मामांना फोन लावला. ते म्हणाले, शिवणीतला लबाड धागा उसवल्याशिवाय दिसत नाही, आणि उसवायला कुणाला वेळ असतो. स्वर असा, जणू काल खात्यातच सापडलाय.)

६ जानेवारी, बिशोफ्सहोफेन

इथली टेकडी वेगळी आहे. बाकीच्या ठिकाणी खेळाडू बुरुजावरून येतो, इथे घसरायची वाट डोंगराच्या अंगावरच टाकलेली, लांब आणि सपाट. वेग हळूहळू चढतो, त्यामुळे टोकावरची वेळ साधणं अवघड, असं काल आजोबा म्हणाले होते. टेकडीला पाउल आउसरलाइटनर याचं नाव आहे. १९५२ च्या जानेवारीत तो इथेच पडला आणि काही दिवसांनी गेला.

मुलगा आमच्याबरोबर आला होता, गळ्यात आमचा टॉवेल. घरापासून टेकडीपर्यंत चालत.

क्राफ्ट जिंकला, तो इथून जवळच वाढलेला, सगळं मैदान लाल-पांढरं. कोबायाशीची शेवटची उडी झाली तेव्हा मी पडद्यावरचे आकडे बघत होतो आणि मामा माणसाकडे बघत होते. तो टेकला, पाय पुढे-मागे, हात पसरलेले, आणि थांबेपर्यंत चेहऱ्यावर काहीच नाही. मग आकडा आला. दुसरा.

चार टेकड्या, चारही ठिकाणी दुसरा, आणि गरुड त्याचा. तिसऱ्यांदा. २०१८-१९ मध्ये हाच माणूस चारही टेकड्या मारून गेला होता, यंदा एकही न मारता. एकही टेकडी न जिंकता गरुड नेणं याआधी फिनलंडच्या यान्ने आहोनेननं करून दाखवलंय, १९९८-९९ मध्ये. आमच्या मागचा एकजण कुरकुरत होता की हे काय जिंकणं झालं. मला तसं वाटत नाही. चार वेगवेगळ्या माणसांना एकेक चांगला दिवस मिळाला, वेलिंगर, लानिशेक, हॉर्ल, क्राफ्ट. याचा एकही दिवस वाईट गेला नाही. माल पाठवणाऱ्या माणसाला यातलं अवघड काय ते विचारा.

मामांनी चादर झटकली, घडी घातली, आणि घडीवर हात फिरवत म्हणाले, “चार ताके सेकंड, आणि गठ्ठा फ्रेश.”

हे मी आजोबांना भाषांतर करून सांगायचा प्रयत्न केला. फोननं काय सांगितलं देव जाणे, त्यांनी मामांना मिठी मारली.

७ ते १२ जानेवारी, फ्रँकफर्ट

८ तारखेला शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर, १० पासून रेल्वेचालकांचा संप. मामांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. प्रदर्शनात मी ऑर्डरींमागे पळत होतो, मामा दालनादालनांतून टॉवेल फुंकत फिरत होते. तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकानं मला विचारलं की तुमच्या कंपनीत ही तपासणीची नवी पद्धत आहे का. मी हो म्हटलं.

१२ ला संप संध्याकाळपर्यंत होता, म्हणून विमानतळाला टॅक्सी. भाडं सांगत नाही, मामींच्या वाचनात येईल.

१४ जानेवारी, सोलापूर

सकाळी सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं उतरलो. मामा घरी न जाता आधी तळ्यावर जायचं म्हणत होते, मी ओढून घरी नेलं. आंघोळ, भोगीची भाजी, बाजरीची भाकरी. दुपारी संमती कट्ट्यापाशी.

सात नंदीध्वज येताना दिसले. कमरेच्या पट्ट्यात एवढी उंच काठी पेलून, तोल सांभाळत, पावलापावलानं. वारा सुटला होता. मामा टाचा उंचावून बघत होते, पण काठ्यांकडे नाही, खालच्या माणसांकडे. सगळ्यांच्या अंगात पांढरी बाराबंदी, सैल, वाऱ्यानं फुगलेली.

“एकदा भक्तलिंग हर्र,” कुणीतरी पुकारलं. “बोला हर्र!” सगळे ओरडले. अक्षता उडाल्या.

मामा माझ्या कानाशी वाकले. “त्या टेकडीवर ह्यातला एकबी पास झाला नसता.”

मग त्यांनी पुढच्या माणसाची बाही चिमटीत धरली.